सर्व्हरवरील जावा आणि गतिमान वेबपृष्ठे : पद्धतींचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

हार्बर मार्गावरील लोकल गाड्या दीर्घकाळ मानखुर्दपर्यंतच धावत. १९९२ साली लोहमार्ग खाडी ओलांडून वाशीला पोहोचला आणि नवी मुंबईतील कार्यालये चेंबूर-गोवंडी-मानखुर्द या पट्ट्यातील विद्यार्थ्यांच्या रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात आली. पुढे वाशी स्थानकाच्याच इमारतीत आणि महापे परिसरात सॉफ्टवेअरची कार्यालये थाटली गेली. मानखुर्द ज्या एम-पूर्व विभागात मोडते तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महानगरपालिकेच्या सर्व विभागांत तळाला होता. अशा परिसरातील विद्यार्थी 'जावा' हा विषय निवडतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर खाडीपलीकडची नोकरी असते. त्या विषयात कोणती पद्धत शिकवली जाते, ती कोणत्या गरजेतून जन्मली आणि केव्हा मागे पडली, या प्रश्नांना त्यामुळे शैक्षणिक महत्त्वाबरोबरच उपजीविकेचेही महत्त्व प्राप्त होते.

वेबपृष्ठे दोन प्रकारची असतात. महाविद्यालयाचे माहितीपत्रक महाजालावर ठेवले तर ते सर्वांना सारखेच दिसते. ते स्थिर पृष्ठ होय. याउलट वेतनपत्रक किंवा रेल्वेचे तिकीट मागणाऱ्याच्या नावानुसार, त्या क्षणी, सर्व्हरवर तयार होते. ते गतिमान पृष्ठ. राज्य शासनाच्या 'सेवार्थ' या वेतनप्रणालीच्या प्रवेशपृष्ठाचा पत्ता 'लॉगिन डॉट जेएसपी' असा संपत असे, हे अनेक शासकीय कर्मचाऱ्यांना आठवत असेल. पत्त्याच्या या शेपटातील तीन अक्षरे म्हणजे 'जावा सर्व्हर पेजेस' या तंत्राची खूण होय. ती अक्षरे तेथे कशी आली, त्यांच्या आधी काय होते आणि नंतर काय आले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

येथे साधनांविषयी एक गोष्ट आधीच नमूद करणे आवश्यक आहे. गतिमान पृष्ठाचा मूळ मजकूर, म्हणजे ज्या आज्ञावलीतून ते तयार होते ती, सर्व्हरच्या बाहेर कधीही येत नाही. ब्राउझरपर्यंत पोहोचते ते केवळ तिचे फलित. १९९६ पासून महाजालावरील पाने साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहातही तेवढेच मिळते. इतिहासकाराच्या हाती छापलेला कागद येतो, छापखाना मात्र येत नाही. म्हणून तपशिलांसाठी जाहीर झालेली विनिर्देशपत्रे, त्या काळातील वादविवाद आणि पत्त्यांची शेपटे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

सीजीआय ते सर्व्हलेट

गतिमान पृष्ठांची सुरुवात जावापूर्वीची आहे. १९९३ साली अमेरिकेतील एनसीएसए या केंद्रात 'कॉमन गेटवे इंटरफेस', संक्षेपाने सीजीआय, ही पद्धत मांडली गेली. ब्राउझरकडून विनंती आली की सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्राम सुरू करी, त्याचे उत्तर ब्राउझरकडे धाडी आणि तो प्रोग्राम संपून जाई. ही व्यवस्था साधी होती व कोणत्याही भाषेत वापरता येई. पर्लमध्ये ती विशेष रुळली. तिचा दोष तिच्या साधेपणातच होता. प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू करायची, डेटाबेसशी नव्याने जोडणी करायची आणि काम होताच सर्व मोडून टाकायचे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी चूल नव्याने पेटवणाऱ्या खानावळीसारखा हा प्रकार होता. गिऱ्हाइके मोजकी असेपर्यंत तो खपून गेला.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा भाषा जाहीर केली. तिचा बोलबाला प्रथम झाला तो ब्राउझरमध्ये चालणाऱ्या 'अॅप्लेट'मुळे. तोच प्रकार सर्व्हरवर उलटा वापरण्याची कल्पना जेम्स गॉस्लिंग यांच्या मनात त्याच सुमारास आली होती, पण ती तेव्हा बाजूला पडली. पुढे सनमधील पवनी दिवाणजी यांनी ती हाती घेतली, आणि 'जावा वेब सर्व्हर' या उत्पादनाबरोबर १९९७ साली सर्व्हलेटचे पहिले विनिर्देशपत्र आले. 'अॅप्लेट' हे नाव जसे 'अॅप्लिकेशन'चे लघुरूप, तसेच 'सर्व्हलेट' हे 'सर्व्हर'चे.

सर्व्हलेटमध्ये चूल एकदाच पेटते. सर्व्हलेटची एक प्रत स्मृतीत उभी राहते, तिचा आरंभविधी एकदाच होतो आणि त्यानंतर येणारी प्रत्येक विनंती एका स्वतंत्र 'थ्रेड'वर, म्हणजे त्याच प्रक्रियेतील वेगळ्या कार्यधाग्यावर, त्याच प्रतीकडून हाताळली जाते. डेटाबेसच्या जोडण्या राखून ठेवता येतात. वेगाच्या दृष्टीने हा लाभ मोठा होता.

मात्र या लाभाबरोबर एक धोकाही आला आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुधा एका ओळीत उरकला जातो. प्रत एकच असल्याने तिच्यात साठवलेली माहिती सर्व विनंत्यांना सामाईक असते. एखाद्या नवशिक्याने वापरकर्त्याचे नाव सर्व्हलेटच्या वर्गीय चलात ठेवले, तर एकट्याने चाचणी घेताना सर्व काही सुरळीत दिसते. दोन माणसे एकाच क्षणी आली की एकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर उमटू शकते. वेतनपत्रकाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगावयास नको. यावर उतारा म्हणून 'सिंगल थ्रेड मॉडेल' नावाची सोय दिली गेली होती. ती मूळ दुखण्यावर पुरेशी नाही हे उमगल्यावर २००३ च्या सर्व्हलेट २.४ मध्ये तिचा वापर टाळण्याची सूचना आली. सीजीआयमध्ये हा धोका नव्हता. तेथे प्रत्येक प्रोग्राम आपल्यापुरता जगे आणि मरे. नव्या पद्धतीने गती दिली, पण तिच्याबरोबर पूर्वी गरज नसलेली एक शिस्तही मागितली.

जेएसपी आणि श्रमविभागणीचे गृहीतक

सर्व्हलेटची खरी अडचण वेगळीच निघाली. एचटीएमएलचे संपूर्ण पान जावाच्या अवतरणचिन्हांत, ओळीमागून ओळ, लिहावे लागे. एखाद्या तक्त्याचा रंग बदलायचा तरी जावाची फाइल उघडा, बदला, पुन्हा संकलित करा. पानाची रचना जाणणाऱ्या माणसाला जावा येत नसे आणि जावा जाणणाऱ्याला रचनेत रस नसे. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीने १९९६ च्या अखेरीस हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता : पान एचटीएमएलमध्येच लिहावे आणि जेथे गरज तेथे कोड पेरावा. पीएचपीचाही मार्ग तोच. सनला उत्तर देणे भाग होते. अॅन्सेल्म बेअर्ड-स्मिथ यांच्या आरंभीच्या कामातून ते उत्तर घडत गेले आणि १९९९ साली जेएसपी १.० जाहीर झाले.

जेएसपी आणि सर्व्हलेट यांची तुलना करताना विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एक चूक हटकून आढळते : 'जेएसपी हे सर्व्हलेटपेक्षा वेगवान आहे', किंवा नेमके याच्या उलट. वस्तुतः जेएसपी पानाचे सर्व्हरवर सर्व्हलेटमध्येच रूपांतर होते. पहिली विनंती आली की पानाचे जावात भाषांतर होते, ते संकलित होते आणि पुढील विनंत्यांना तयार सर्व्हलेट मिळते. पहिली भेट संथ, पुढच्या भेटी समान. तेव्हा हा फरक वेगाचा नव्हे. पान कोणी लिहावे याचा आहे. सर्व्हलेट म्हणजे पान पोटात घेतलेला जावा प्रोग्राम आणि जेएसपी म्हणजे जावा पोटात घेतलेले पान.

येथे एक गृहीतक दडलेले होते. पान रचणारा एक आणि कोड लिहिणारा दुसरा, अशी श्रमविभागणी कार्यालयात आधीच आहे असे जेएसपीच्या कर्त्यांनी धरले. मोठ्या कंपन्यांत ते काही अंशी खरे असेल. मुंबई-पुण्याच्या लहान सॉफ्टवेअर संस्थांत मात्र महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला एकच तरुण एचटीएमएल, जावा आणि एसक्यूएल या तिन्हींना पुरा पडावा अशी अपेक्षा असते. त्याच्यासाठी दोन फायलींपेक्षा एक फाइल सोयीची. कोनी कंस आणि टक्क्याचे चिन्ह यांच्यामध्ये जावाचा तुकडा, ज्याला 'स्क्रिप्टलेट' म्हणतात, तो टाकायचा. त्यातच डेटाबेसची जोडणी उघडायची, त्यातच प्रश्न विचारायचा, त्यातच तक्ता छापायचा. काम होते. दोन वर्षांनी ते पान दुसऱ्या कोणाच्या हाती पडते तेव्हा त्याची खरी किंमत कळते.

या पसाऱ्यावर पहिला जाहीर हल्ला जावाच्याच गोटातून झाला. १९९८ साली सर्व्हलेटवरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे जेसन हंटर यांनी जानेवारी २००० मध्ये जेएसपीच्या दोषांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे आक्षेप नेमके होते. पानात कोड घालण्याची सोय म्हणजे मोहाला आमंत्रण. साध्या कामांनाही कोड लागतो. चूक झाली की संदेश भाषांतरित फाइलीतील ओळीचा येतो, लेखकाने लिहिलेल्या पानातील ओळीचा नव्हे. यातील शेवटचा आक्षेप किरकोळ वाटेल. प्रयोगशाळेत वीस विद्यार्थ्यांच्या वीस पडद्यांवर न लिहिलेल्या ओळींच्या चुका दिसत असताना शिकवणाऱ्याला तो किरकोळ वाटणार नाही.

या वादातून दोन धारा निघाल्या. एक धारा साचांची. वेबमॅक्रो, व्हेलॉसिटी, फ्रीमार्कर या साधनांनी पानात जावा येऊच दिली नाही. मोजकी, मुद्दाम अपुरी ठेवलेली भाषा दिली. २००४ साली टेरेन्स पार यांनी न्यूयॉर्क येथील महाजालविषयक परिषदेत या बंधनाला तात्त्विक बैठक दिली. साचा जितका दुबळा, तितके पान व तर्क यांचे विभाजन पक्के, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. दुसरी धारा जेएसपी सोडण्याऐवजी तिला वळण लावणाऱ्यांची. जेएसपीच्या आरंभीच्या मसुद्यांतच 'मॉडेल १' व 'मॉडेल २' अशा दोन रचना सुचवल्या होत्या. पहिलीत विनंती थेट पानाकडे जाते. दुसरीत ती आधी सर्व्हलेटकडे जाते, तेथे निर्णय होतो आणि छापण्यापुरते काम पानाकडे येते. ही कल्पना ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडलेल्या 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर' या विभागणीचीच दूरची वारस होय. क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० साली अपाची प्रतिष्ठानकडे सोपवलेल्या 'स्ट्रट्स'ने ती रूढ केली. २००१ साली स्ट्रट्स १.० आले आणि अल्पावधीत पत्त्यांची शेपटे 'डॉट जेएसपी'ऐवजी 'डॉट डू' अशी दिसू लागली.

जेएसपीनेही स्वतःला सुधारले. २००२ मध्ये प्रमाण टॅगसंच आला, २००३ च्या जेएसपी २.० मध्ये पदावलीची लहान भाषा आली आणि पानात जावा लिहिण्यास सरसकट बंदी घालण्याची सोयही आली. ही बंदी ऐच्छिक होती. बहुतेक ठिकाणी ती कोणी चालू केली असेल असे मानण्यास फारसा आधार नाही.

देवनागरीची कसोटी

वरील इतिहास इंग्रजी ग्रंथांत सविस्तर आढळतो. त्यात न आढळणारा भाग देवनागरीचा आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने या पद्धतींची खरी परीक्षा तेथेच झाली.

जावा जन्मापासून युनिकोडवर उभी आहे. तिच्यातील 'कॅरेक्टर' सोळा बिटांचे असते आणि देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. जावामध्ये मराठी लिहिण्यास अडचण येण्याचे कारणच नव्हते. तरीही मराठी पाने प्रश्नचिन्हांनी भरून जात. असे का होई? अडचण उंबरठ्यावर होती. जावाच्या आत मजकूर शाबूत असे. तो बाहेर जाताना किंवा आत येताना बिघडे.

'मानखुर्द' हाच शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात चार अक्षरे दिसतात : मा, न, खु, र्द. युनिकोडच्या हिशेबाने ती आठ चिन्हे आहेत, कारण काना, उकार आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे या एका शब्दाला चोवीस. आता सर्व्हलेटने हा शब्द छापला आणि संकेतन सांगितले नाही, तर विनिर्देशानुसार पश्चिम युरोपीय भाषांसाठीचे 'आयएसओ ८८५९-१' हे संकेतन गृहीत धरले जाई. त्या संकेतनात देवनागरीला जागा नाही. जेथे जागा नाही तेथे जावा प्रश्नचिन्ह टाकते. ब्राउझरमध्ये उमटे ते असे : ????????. आठ चिन्हांची आठ प्रश्नचिन्हे, आणि ती एकदा उमटली की त्यांतून मूळ शब्द परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

उलट दिशेचा बिघाड अधिक फसवा. अर्जातील रकान्यात कोणी 'मानखुर्द' लिहून धाडले तर ब्राउझर यूटीएफ-८ चे चोवीस बाइट पाठवी, पण त्यांचे संकेतन कोणते हे सहसा सांगत नसे. सर्व्हर ते चोवीस बाइट म्हणजे चोवीस युरोपीय अक्षरे असे समजे. 'म'च्या तीन बाइटांचे मग स्वराघात असलेले एक रोमन अक्षर, चलनाचे एक सर्वसामान्य चिन्ह आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण असे त्रिकूट होई. यात मूळ माहिती नष्ट झालेली नसे, फक्त चुकीची वाचलेली असे. म्हणून त्या काळातील प्रोग्रामर तो शब्द पुन्हा बाइटांत मोडून यूटीएफ-८ म्हणून जोडण्याची एक ओळ जागोजागी लिहीत. जेथे ती ओळ विसरली जाई तेथे नावे बिघडत.

विनंतीचे संकेतन सांगण्याची अधिकृत सोय २००१ च्या सर्व्हलेट २.३ मध्ये आली, म्हणजे पहिल्या विनिर्देशानंतर चार वर्षांनी. तीही पहिला रकाना वाचण्यापूर्वी वापरली तरच लागू पडे. त्याच आवृत्तीत 'फिल्टर' ही रचना आली आणि एका ठिकाणी लिहिलेली ओळ सर्व पानांना लागू करणे शक्य झाले. जेएसपी १.२ मध्ये पानाच्या फाइलीचेच संकेतन नोंदवण्याची सोय मिळाली. तरीही पत्त्यात येणारा मजकूर वेगळ्या वाटेने वाचला जाई. टॉमकॅट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरने पत्त्यांसाठी यूटीएफ-८ हे गृहीत संकेतन धरले ते आठव्या आवृत्तीत, २०१४ साली. डेटाबेस हा तिसरा उंबरठा. मायएसक्यूएलमध्ये युनिकोडचा आधार २००४ च्या ४.१ आवृत्तीपासून मिळतो. पण गृहीत संकेतन युरोपीयच राहिले, ते २०१८ मध्ये बदलले. पान, अर्ज, पत्ता, डेटाबेस : चारही ठिकाणी एकच उत्तर दिले तरच 'मानखुर्द' हा शब्द सुखरूप परतणार.

यातून एक विपरीत परिणाम झाला असावा, त्याची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. त्या काळात मराठी संकेतस्थळे बहुधा स्वतःचे टंक वापरीत. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर युरोपीयच होता. केवळ डोळ्यांना तो मराठी दिसे. हा मजकूर सर्व्हलेटच्या गृहीत संकेतनातून बिनबोभाट आरपार जाई. म्हणजे चुकीची पद्धत पहिल्या दिवशी चाले आणि बरोबर पद्धत पहिल्या दिवशी प्रश्नचिन्हे दाखवी. विन्डोज २००० पूर्वीच्या संगणकांवर युनिकोड देवनागरी दिसण्याचीही सोय नव्हती. मुदतीच्या धाकाखाली काम करणाऱ्या प्रोग्रामरने काय निवडले असेल ते उघड आहे. त्या निवडीची किंमत पुढे मोजावी लागली : टंकाधारित मजकुरात शोध घेता येत नाही, नावांची अकारविल्हे मांडणी होत नाही आणि टंक बदलला की सारे वाचनच बदलते. पद्धतींची तुलना करताना वेग आणि सोय हे निकष सर्व लेखक वापरतात. 'न सांगितल्यास पद्धत काय गृहीत धरते' हा निकष त्यांच्याइतकाच वजनदार आहे, आणि इंग्रजीबाहेरच्या भाषांसाठी तर तो सर्वांत वजनदार ठरतो.

रेल्वेच्या पत्त्यातील थर

या साऱ्या पद्धती एकाच संकेतस्थळाच्या पत्त्यांत एकावर एक साचलेल्या पाहावयाच्या असतील तर आयआरसीटीसीचे उदाहरण घ्यावे. भारतीय रेल्वेच्या या उपक्रमाने ३ ऑगस्ट २००२ रोजी महाजालावरून तिकीटविक्री सुरू केली. मागील बाजूस रेल्वेची आरक्षणप्रणाली आधीपासून उभी होती. तिच्या पाच प्रादेशिक केंद्रांपैकी एक मुंबईत आहे. संकेतस्थळाचे काम त्या जुन्या प्रणालीसमोर एक नवी खिडकी उघडण्याचे होते.

पहिल्या दशकातील आयआरसीटीसीच्या पत्त्यांत 'सीजीआय-बिन' हा शब्द होता, त्यापुढे ब्रॉडव्हिजन या अमेरिकी कंपनीच्या उत्पादनाची निशाणी असलेल्या फाइलीचे नाव होते आणि शेवटी 'डॉट डू' होते. एका ओळीत तीन पिढ्या. आरंभी १९९३ ची पद्धत, मध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरचे तयार व्यापारी सॉफ्टवेअर, शेवटी स्ट्रट्सच्या काळात रूढ झालेले शेपूट. अर्थात पुराव्याच्या दृष्टीने येथे सावधगिरी हवी. पत्त्याचे शेपूट हे नाव असते, जन्मदाखला नव्हे. कोणते शेपूट कोणत्या प्रोग्रामकडे न्यावे हे सर्व्हरच्या रचनापत्रात हवे तसे लिहिता येते. 'सीजीआय-बिन' लिहिले म्हणून प्रत्येक विनंतीला नवी प्रक्रियाच सुरू होते असे नाही. शेपटावरून काळाची चाल कळते, आतील यंत्रणेची खात्री होत नाही.

२८ एप्रिल २०१४ रोजी रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने घडवलेली नवी प्रणाली सुरू झाली. मिनिटाला सुमारे दोन हजार तिकिटांऐवजी ७,२०० तिकिटे देण्याची क्षमता तिच्यात असल्याचे जाहीर करण्यात आले. पत्त्याचे शेपूट आता 'डॉट जेएसएफ' झाले. 'जावा सर्व्हर फेसेस' ही पद्धत मार्च २००४ मध्ये आली होती. तिच्यात पान हे घटकांच्या झाडासारखे असते : बटन, रकाना, तक्ता हे सर्व्हरवरील वस्तूच. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटने २००२ मध्ये दिलेल्या सोयीला हे जावाचे उत्तर होते. त्यासाठी पानाची सद्यःस्थिती दोन विनंत्यांच्या दरम्यान जपावी लागते, बहुधा सर्व्हरच्या स्मृतीत. कार्यालयातील दोनशे कर्मचाऱ्यांसाठी ही सोय उत्तम. सकाळी दहा वाजता तत्काळच्या तिकिटांसाठी देशभरातून एकाच मिनिटात तुटून पडणाऱ्या गर्दीसाठी प्रत्येकाची स्थिती सर्व्हरने लक्षात ठेवणे हा महाग व्यवहार आहे. सर्व्हलेट आणि स्ट्रट्स विसरभोळे होते, म्हणून स्वस्त होते. जेएसएफ लक्षात ठेवणारे, म्हणून सोयीचे आणि खर्चिक.

२०१८ मध्ये संकेतस्थळाचे रूप पुन्हा पालटले. 'डॉट जेएसएफ' नाहीसे झाले. पान आता ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टकडून बांधले जाऊ लागले आणि सर्व्हरकडून केवळ माहिती मागवली जाऊ लागली. जावा सर्व्हरवर राहू शकते, पण पान घडवण्याचे काम तिच्या हातून गेले. जेएसपी आणि साचे यांच्यातील पंधरा वर्षांचा वाद ज्या प्रश्नावर होता तो प्रश्नच अशा संकेतस्थळांपुरता सर्व्हरवरून उठून गेला.

उरलेले आणि शिकवले जाणारे

तरीही जुन्या पद्धती नष्ट झाल्या नाहीत. स्ट्रट्सच्या पहिल्या मालिकेची देखभाल २०१३ मध्ये थांबली. वेबवर्क या दुसऱ्या प्रकल्पातून घडलेल्या स्ट्रट्स २ मधील एका त्रुटीतून २०१७ साली इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीतील सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. त्रुटीवरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती वेळेवर बसवली गेली नाही. पद्धत निवडणे ही एका दिवसाची गोष्ट, तिची राखण मात्र वर्षानुवर्षे करावी लागते. शासकीय निविदांत पहिल्याची किंमत ठळक असते, दुसऱ्याची अनेकदा नसते.

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) अभ्यासक्रमात २०१८-१९ पासून तृतीय वर्षाला 'एंटरप्राइज जावा' हा विषय आला. त्यात सर्व्हलेट, कुकी, सत्रव्यवस्था, जेएसपी आणि पुढे डेटाबेसशी वस्तूंचे नाते जोडणारी तंत्रे असा क्रम होता. त्या वर्षी रेल्वेच्या तिकिटाचे पान ब्राउझरकडे गेले होते आणि स्प्रिंग बूटच्या पहिल्या आवृत्तीला चार वर्षे झाली होती. यावरून अभ्यासक्रम कालबाह्य होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्प्रिंगमधील वेबचा पारंपरिक भाग आजही सर्व्हलेटवरच उभा आहे. विनंती कोणत्या धाग्यावर येते, सत्र कोठे राहते, संकेतन कोण ठरवतो हे ज्याला सर्व्हलेटमधून समजले, त्याला वरचे मजले बदलले तरी फारसे अडत नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळ्या ठिकाणी घ्यावा. प्रात्यक्षिकांत विद्यार्थी आपले नाव रोमन लिपीत लिहून 'हॅलो' छापतो आणि उंबरठ्यावरचा बिघाड त्याच्या दृष्टीस कधी पडतच नाही. पहिल्याच प्रात्यक्षिकात 'मानखुर्द' हा शब्द अर्जातून डेटाबेसपर्यंत नेऊन परत आणावयास सांगितला, तर संकेतनाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

जावाच्या या शाखेची मालकीही दरम्यान बदलत गेली. सनचे ओरॅकलमध्ये विलीनीकरण जानेवारी २०१० मध्ये पूर्ण झाले. ओरॅकलने २०१७ मध्ये उद्योगस्तरीय जावा एक्लिप्स प्रतिष्ठानकडे सोपवण्याचे जाहीर केले, पण 'जावा' हे नाव आपल्याकडे राखले. परिणामी प्रकल्पाचे नाव 'जकार्ता' झाले, आणि डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये प्रत्येक सर्व्हलेटच्या आरंभी येणारा 'जावाएक्स' हा उपसर्ग बदलून 'जकार्ता' करावा लागला. टॉमकॅटच्या नवव्या आवृत्तीवर चालणारे सर्व्हलेट दहाव्या आवृत्तीवर जसेच्या तसे चालत नाहीत. तेथे तर्काची एकही ओळ बदललेली नसते, बदललेले असते केवळ नाव. जुन्या पानांचे हे नामांतर करून देणारे एक साधन टॉमकॅटच्या कर्त्यांनीच उपलब्ध केले आहे. ते संकलित झालेल्या फाइलींवरही चालते. ज्या कार्यालयांत मूळ कोडची प्रत हरवली आहे आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला आहे, तेथे त्याचा उपयोग सर्वाधिक होतो.